‘गे पुरुष लस घेत नाहीत’ म्हणे! जरा आकडे बघूया का

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. गे आणि बायसेक्शुअल पुरुष लसीच्या नावानं पळतात, हेपटायटिस बी या लिव्हरच्या आजाराच्या लसीमुळेच त्यांच्यात एड्स आला म्हणून भरवसा उडालाय, मुळातच बेफिकीर लोक, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी लसमोहीम काढणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. असं सगळं त्यात ठासून सांगितलंय. एकेक बघू.

‘लस घेत नाहीत.’ कोविडचंच घ्या. अमेरिकेत 2021च्या उत्तरार्धात सरकारी सर्व्हे झाला, त्यात किमान एक डोस घेतलेले गे-लेस्बियन लोक 85.4 टक्के निघाले आणि हेटरोसेक्शुअल 76.3 टक्के. मग मागे कोण होतं? बायसेक्शुअल लोकांचा आकडा एवढा वर नव्हता हे खरंय, पण सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलं की हा फरक दिसणार कसा. पुढे 2022ला एमपॉक्स आला, म्हणजे आधी ज्याला मंकीपॉक्स म्हणायचे तो, आणि ती साथ मुख्यतः गे-बायसेक्शुअल पुरुषांमध्येच पसरली. न्यूयॉर्कमध्ये जूनमध्ये त्याच्या लसीचं पहिलं केंद्र उघडलं तर इतकी गर्दी झाली की काही तासांतच नवीन लोकांना परत पाठवायची वेळ आली. ती लस बनवणारी कंपनी एकच, डेन्मार्कची बव्हेरियन नॉर्डिक, आणि साठा एवढा तुटपुंजा की ऑगस्टमध्ये अमेरिकेनं पाचवा हिस्सा डोस कातडीत टोचायला परवानगी दिली, म्हणजे एका कुपीत 5 जणांपर्यंत भागवायचं. लोक नको म्हणत होते तर ही कसरत कोणासाठी चालली होती?

‘हेपटायटिस बीच्या लसीनं एड्स दिला.’ हे खोटं आहेच, वर कृतघ्नपणाही आहे. 1978च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये साथरोगतज्ज्ञ वुल्फ श्मुनेस यांनी या लसीची चाचणी सुरू केली, तेव्हा 1,083 जण स्वतःहून पुढे आले आणि ते सगळे गे पुरुष होते. लस मिळालेल्यांमध्ये लागण 92 टक्क्यांनी कमी झाली, 1981ला लसीला मंजुरी मिळाली, आणि आज जगभर तान्ह्या बाळांना हेपटायटिस बीची लस देतात ना, तिची सुरुवात इथली. ती पहिली लस माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनायची, अफवेला धागा मिळाला तो तिथून. पण बनवताना प्लाझ्मावर ज्या रासायनिक प्रक्रिया व्हायच्या त्यात एड्सचा विषाणू एचआयव्ही मरतो, हे नंतर लॅबमध्ये तपासून झालंय, आणि लस घेतल्यानं एड्सचा धोका वाढल्याचंही कुठे दिसलं नाही. 1986पासून तर यीस्टवर बनवलेली लस आली, तिच्यात माणसाच्या रक्ताचा संबंधच नाही.

‘बेफिकीर लोक.’ ऑगस्ट 2022चा एक ऑनलाइन सर्व्हे आहे, अमेरिकेतल्याच गे-बायसेक्शुअल पुरुषांचा. एमपॉक्समुळे पार्टनरांची संख्या कमी केली म्हणणारे 48 टक्के. यावर अजून काय बोलायचं.

‘मोहीम काढून उपयोग नाही.’ खरी गोम इथे आहे. या लसी मिळायच्या तर बऱ्याच ठिकाणी आधी सांगावं लागतं की मी पुरुषांशी सेक्स करतो. इंग्लंडमध्ये 2018पासून 45 वर्षांपर्यंतच्या अशा पुरुषांना एचपीव्हीची, म्हणजे सेक्समधून पसरणाऱ्या आणि कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूवरची, लस फुकट आहे, पण ती सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमधून, म्हणजे जो तिथपर्यंत जाऊन हे उघड बोलू शकतो त्यालाच. ज्यानं घरी सांगितलेलं नाही, ज्याचं लग्न झालंय, ज्याचा डॉक्टर सगळ्या खानदानाचा डॉक्टर आहे, तो काय बोलणार? तो गप्प बसतो आणि आपण वर म्हणतो की बघा, लसीला घाबरला. घाबरलाय तो, पण सुईला नाही. एमपॉक्सचं ते कातडीत टोचायचं इंजेक्शन हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली द्यायचे, तिथे लालसर गाठ उठायची आणि कित्येकदा डाग आठवडेच्या आठवडे राहायचा. त्या उन्हाळ्यात असा डाग दिसला की बघणारा काय ते ओळखायचा. मग सप्टेंबरमध्ये खांद्यावर किंवा पाठीवर टोचायला मुभा दिली, कपड्याखाली झाकलं जाईल म्हणून. लसीचा एक थेंब न बदलता अडचण कमी झाली, मेसेज लिहिणाऱ्यानं यावर जरा विचार करावा.

आता मेसेजवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती लपवायला नको. एमपॉक्सचे 2 डोस लागतात, 28 दिवसांच्या अंतरानं, आणि अमेरिकेत दोन्ही घेतलेले, धोका असलेल्या लोकांपैकी साधारण चौथा हिस्साच. साथ ओसरली, केंद्रं बंद झाली, बातम्या थांबल्या, दुसरा डोस राहून गेला. हा अविश्वास असता तर पहिलाही घेतला नसता. आणि ज्यांचा राहिलाय त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, कितीही उशीर झाला असला तरी फक्त दुसरा घेतला की झालं, हे किती जणांना कोणी सांगितलंय?