दंडुका, सोवळं आणि गोवर

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, गोवंडीत मुलं दगावली. तेव्हापासून लसीकरणाचा विषय निघाला की भारतातून मला इथे अमेरिकेत एकच वाक्य ऐकू येतं: ‘अमेरिकेत लोक शिकलेले आहेत, निमूट लस घेतात. आपल्याकडे दंडुकाच हवा.’ या वाक्याची मला मनापासून चीड येते.

निमूट? २०२५ मध्ये टेक्सासमधल्या साथीत ७६२ रुग्ण झाले, दोन मुलं गेली. तिथे ‘सद्सद्विवेका’चं प्रतिज्ञापत्र दिलं की लशीविना शाळेत प्रवेश मिळतो. आमच्या कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीत शिक्षण आणि पैसा दोन्ही भरपूर, तरी वैयक्तिक श्रद्धेपोटी सूट घेणारे राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त होते. डिस्नीलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर, २०१५च्या कायद्याने ती सूट गेली. लगेच वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनी दिलेल्या सूटपत्रांची संख्या वाढली, म्हणून २०१९ मध्ये तीही पळवाट आवळावी लागली. ज्याला तुम्ही शिस्त म्हणता, ती किंडरगार्टनच्या दाराशी लसीकरणाचं पिवळं कार्ड तपासणाऱ्या कारकुनाची आहे.

अमेरिकी पालकांवरचं २०१७चं एक संशोधन सांगतं की लशीबद्दल साशंक असणाऱ्यांच्या मनात ‘स्वातंत्र्य’ आणि ‘शुद्धता’ ही मूल्यं जास्त ठळक असतात. इजा टाळणं आणि न्याय या बाबतीत ते इतरांसारखेच. आणि आपली पोस्टरं नेमकी धोक्याचीच भाषा बोलतात! शुद्धतेचा हा आग्रह मराठी माणसाला समजावून सांगायला नको, आपण सोवळं पाहिलेलं आहे. अशा आईला सांगावं की गोवर शरीराने कमावलेल्या प्रतिकारशक्तीची आठवणच पुसतो. ते तिला भिडण्याची शक्यता जास्त.

गोवंडीचा प्रश्न मात्र बराचसा कुपीचा आहे. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते, एका कुपीत अनेक बाळांचे डोस. द्रावकात मिसळली की २ ते ८ अंशांत ठेवूनही चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. पोलिओची उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत चालते, ही चालत नाही. एका बाळासाठीही कुपी फोडावी असा नियम आहे, पण ‘लस वाया का गेली?’ या प्रश्नाला घाबरून नर्सताई मुलं जमायची वाट पाहतात. रोजंदारी बुडवून आलेली आई ‘पुढच्या बुधवारी या’ ऐकून परत जाते. लशीचा ताप ७ ते १२ दिवसांनी येऊ शकतो, हेही तिला कुणी सांगत नाही. तो आला की गल्लीभर अफवा. यात दंडुका कुणावर उगारणार?

पुण्याने तो १८९७ मध्ये पाहिला. प्लेगच्या झडतीत ब्रिटिश सोजीर स्वयंपाकघरात, देवघरात शिरले आणि लोकांनी रुग्ण लपवले.

कायदा मलाही हवा, पण आधी संध्याकाळची सत्रं, जास्तीच्या कुप्या आणि वाया गेलेल्या डोसचा जाब न विचारणारा साहेब हवा. इथे इतकी वर्षं काढूनही ‘आपल्याकडे’ म्हटलं की मला मॅरिन आठवत नाही, गोवंडीच आठवते. म्हणून त्या आईला कुणी अडाणी म्हटलं की मला लागतं.