‘रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे’ : बडोद्यात फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : खासगी रुग्णालये विस्तार करू पाहतात तेव्हा पर्यावरणाच्या नावाखाली त्यांना जनसुनावण्यांत अडकवले जाते, आहे त्याच जागेवर मजले चढत असतील तर नवा धोका कसला, कचरा एजन्सी उचलून नेते, पाणी पालिकेच्या गटारात जाते, कोणाचे घर जात नाही, ‘पर्यावरणीय आणि सामाजिक जोखीम’ हे परदेशी बँकांचे खूळ असून त्याचा खर्च शेवटी रुग्णाच्याच बिलात येतो, आणि मुळात रुग्णालय म्हणजे काही कारखाना नव्हे.

यातील खाटांची निकड मान्य केलीच पाहिजे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजार लोकसंख्येमागे 2 खाटांचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि बडोद्यातील रुग्णालयांवर केवळ शहराचा नव्हे तर छोटाउदेपूर, पंचमहाल, दाहोद आणि सीमेपलीकडील मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर येथून येणाऱ्या रुग्णांचाही भार पडतो. वाद खाटा वाढवाव्यात की नाहीत हा नाही. विस्तारातील धोका बहुतेक वेळा नव्या इमारतीत नसतो, तर नवी इमारत जुन्या यंत्रणेला जिथे जोडली जाते त्या सांध्यावर असतो, आणि संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान नेमक्या त्या सांध्याकडे कानाडोळा करते, एवढेच येथे दाखवायचे आहे.

जनसुनावणीचा मुद्दा आधी संपवू, कारण तो सरळसरळ चूक आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या इमारतींना पूर्वपर्यावरण मंजुरी लागते. पण इमारत-बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीच्या टप्प्यातून त्याच अधिसूचनेने वगळलेले आहे. म्हणजे ज्या सुनावणीने रुग्णालये अडतात असे सांगितले जाते, ती त्यांच्यासाठी भरतच नाही. शहरातील मध्यम आकाराची बरीच रुग्णालये तर या 20,000 च्या मर्यादेच्या आतच राहतात आणि त्यांना ही मंजुरीही लागत नाही. मात्र विस्तारानंतरचे एकूण क्षेत्र मर्यादा ओलांडत असेल, तर जुने 14,000 आणि नवे 7,000 चौरस मीटर अशी वेगवेगळी मोजणी मांडून सुटका होत नाही, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावी नसावे. शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची कायदेशीर सक्ती एवढी तुटपुंजी असताना, रुग्णालयाने आपण होऊन केलेले पर्यावरणीय आणि सामाजिक जोखमीचे मूल्यांकन हाच बहुतेक ठिकाणी एकमेव उपाय उरतो.

‘आहे त्याच जागेवर मजले चढणार, मग नवा धोका कसला?’ हे विधान वरवर पटण्याजोगे आहे आणि म्हणूनच त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. जनरेटरचे धुरांडे घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार धुरांड्याची उंची म्हणजे इमारतीची उंची अधिक जनरेटरच्या केव्हीए (वीजक्षमतेचे एकक) क्षमतेच्या वर्गमुळाची 0.2 पट. जनरेटर 625 केव्हीएचा असेल तर वर्गमूळ 25 आणि वाढीव उंची 5 मीटर. प्रत्येक मजला 4 मीटरचा धरला, तर चार मजली इमारत 16 मीटर आणि धुरांडे 21 मीटर. आता तीन मजले चढवले की इमारत 28 मीटरची होते आणि धुरांडे 33 मीटर हवे. ते कोणी वाढवले नाही, तर वीज जाताच निघणारा डिझेलचा धूर नव्या तीन मजल्यांपैकी मधल्या मजल्याच्या खिडक्यांसमोर सुटतो. जनरेटर तोच, जागा तीच, मंजूर झाला तेव्हा नियमात बसणाराही. वाढली ती फक्त इमारत. जिन्यांची रुंदी, स्ट्रेचर मावणाऱ्या लिफ्ट, आग विझवण्याच्या पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, ऑक्सिजनच्या नळ्यांतील दाब या प्रत्येकाचे गणित असेच पुन्हा मांडावे लागते.

विजेचा भार आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांच्याबाबतीत गुजरातला तरी उदाहरणे शोधायला दूर जावे लागू नये. अहमदाबादेत 6 ऑगस्ट 2020 रोजी कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत 8 रुग्ण दगावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजकोटला तसेच घडले आणि सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णालयांच्या नियमित अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश दिले. तरीही 1 मे 2021 रोजी भरूचला 18 जणांचा बळी गेला. अतिदक्षता विभागातील रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही, तेथील हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले असू शकते आणि उपकरणे अहोरात्र चालू असतात; म्हणून त्या विभागात चार खाटा वाढवणे हे सामान्य वॉर्डात चार खाटा वाढवण्यासारखे नसते. कोलकात्यात डिसेंबर 2011 मध्ये एका नामवंत खासगी रुग्णालयात 90 च्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. तेथे आग लागली ती वाहनतळ म्हणून मंजूर असलेल्या तळघरात, जिथे ज्वालाग्राही सामान साठवले होते, आणि धुराने वरच्या मजल्यांवर झोपेतल्या रुग्णांना गाठले. विस्तारात सर्वांत आधी जागा कमी पडते ती भांडाराला, आणि भांडार सर्वांत आधी सरकते ते तळघरात.

तळघर म्हटले की बडोद्यात विश्वामित्री नदीचे नाव घ्यावेच लागते. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये नदीने 35 फुटांच्या वर पातळी गाठली आणि सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, समा अशा भागांत पाणी घुसले. आजवा जलाशयाचे पाणी सुटले की नदीकाठी काय होते, हे इथल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. तरीही विजेचे मुख्य पॅनेल, जनरेटर आणि ऑक्सिजनचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून नळ्यांत ऑक्सिजन सोडणारी जोडणी) तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीवर बसवण्याचा मोह सुटत नाही, कारण वरची प्रत्येक चौरस फूट जागा खाटेसाठी हवी असते. जो रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे त्याच्या दृष्टीने पाचव्या मजल्यावरची खाट तळघरातल्या पॅनेलइतकीच सुरक्षित असते.

बांधकाम चालू असतानाही रुग्णालय बंद नसते, हाही ‘त्याच जागेवर’ असण्याचाच परिणाम. भिंती फोडताना उडणाऱ्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू पसरतात. धडधाकट माणसाला त्यांचे काही वाटत नाही. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला त्यांचा फुप्फुसातील संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी छतापर्यंत बंदिस्त आडोसे, कामाच्या बाजूला हवेचा दाब कमी ठेवण्याची व्यवस्था, मलबा नेण्याचा वेगळा रस्ता आणि कोणते वॉर्ड कधी हलवायचे याचे वेळापत्रक लागते. ओली पोती टाकून भागत नाही.

‘कचरा एजन्सी उचलून नेते’ हे अर्धसत्य आहे. सामायिक प्रक्रिया केंद्र 75 किलोमीटरच्या आत असेल तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारू नये, असे 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात. तेव्हा एजन्सीकडे कचरा देणे योग्यच. परंतु पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्गात जागच्या जागी वर्गीकरण, पिशवीवर बारकोड, प्रयोगशाळेतील कल्चर (तपासणीसाठी वाढवलेले जंतू) आणि रक्ताच्या पिशव्यांवर आवारातच पूर्वप्रक्रिया, 48 तासांच्या आत रवानगी, ही सगळी जबाबदारी रुग्णालयाचीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रुग्णालयाच्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के कचरा साधा असतो; उरलेला 15 टक्के त्यात मिसळला की सगळाच घातक होतो. खाटा दुप्पट झाल्या आणि कचराखोली तीच राहिली की पहिला बळी या वर्गीकरणाचा जातो, कारण डबे भरून वाहतात आणि पिशव्या एकावर एक चढतात. ढिलाईची किंमत काय असते हे 2009 मध्ये उत्तर गुजरातमधील मोडासा परिसराने पाहिले. तेथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस-बी पसरला, 70 हून अधिक लोक मेले, आणि तपासात टाकलेल्या सिरिंज गोळा करून पुन्हा विकणारा धंदाच उघडकीस आला. लाल पिशवीतील सिरिंज सुईपासून वेगळी करून नष्ट झाली की नाही, ही बाब त्यानंतर तरी ‘एजन्सीचा प्रश्न’ म्हणून सोडून देता येत नाही.

पाण्याचे तर गणितच मांडलेले आहे. भारतीय मानकानुसार 100 खाटांपर्यंतच्या रुग्णालयात खाटेमागे रोज 340 लिटर आणि त्यापुढे 450 लिटर पाणी धरतात. 90 खाटांच्या 240 झाल्या की गरज 30,600 लिटरवरून 1,08,000 लिटरवर जाते. खाटा पावणेतीनपटीपेक्षाही कमी वाढल्या, पाणी मात्र साडेतीनपट. त्यातले 80 टक्के सांडपाणी धरले तरी रोज 86,000 लिटरहून अधिक बाहेर पडणार, आणि त्यात प्रतिजैविके, जंतुनाशके, रक्त, कर्करोगाच्या औषधांचे अंश असणार. पालिकेचे मलशुद्धीकरण केंद्र घरगुती मैल्यासाठी बांधलेले असते. या पाण्याला आधी रुग्णालयातच वेगळी प्रक्रिया द्यावी लागते. नव्या मजल्यावर थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीनचे उपचार सुरू होणार असतील, तर त्या खोल्यांच्या शौचालयांचे पाणी साठवून ठेवणाऱ्या टाक्या हव्यात, कारण आयोडीन-131 निम्मे होण्यास सुमारे 8 दिवस लागतात. अशा विभागाचा आराखडा अणुऊर्जा नियामक मंडळाकडून बांधकामाआधीच मंजूर करून घ्यावा लागतो. दुसरीकडे, गटार तुंबून पाणी पावसाळी नाल्यात उतरले तर ते भुखी कांसेसारख्या कांसांतून (नैसर्गिक ओढ्यांतून) विश्वामित्रीत जाते, जिथे शहराच्या मध्यभागी मगरी राहतात आणि काठावर माणसेही.

‘कोणाचे घर जात नाही’ हे शब्दशः खरे असू शकते. शेजारचा भूखंड मालकाने राजीखुशीने विकला असेल. पण त्यातील भाडेकरू, खालची दुकाने आणि फाटकाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना चहा-नाश्ता देणाऱ्या हातगाड्या त्या सौद्यात कुठेच नसतात. खाटा वाढल्या की भेटायला येणारी वाहने वाढतात आणि ज्या गल्लीतून रुग्णवाहिका शिरायची तीच तुंबते. ध्वनी नियमांनुसार राज्य सरकारने घोषित केला असेल तर रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो, दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा. ती फटाके उडवणाऱ्यांना जशी लागू तशी रात्री स्लॅब ओतणाऱ्या रुग्णालयालाही. आणि ‘सामाजिक’ म्हणजे केवळ शेजारी नव्हेत. कडियानाक्यावरून (रोजंदारी मजूर जमतात त्या चौकातून) आणलेले दाहोद-पंचमहालचे मजूर कोठे राहतात, त्यांना उंचीवर सुरक्षापट्टा मिळतो का, आणि 1996 च्या कायद्यांतून सुरू झालेल्या 1 टक्का उपकरातून मिळणाऱ्या लाभांसाठी त्यांची नोंदणी झाली आहे का, हे प्रश्नही याच सदरात येतात. ठेकेदारामार्फत ठेवलेल्या सफाई कामगारांना हिपॅटायटिस-बीची लस देणे हे 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिलेले कर्तव्य आहे. डॉक्टरांइतकाच सुई टोचण्याचा धोका त्यांना असतो. फरक एवढाच, की टोचलेली सुई कोणत्या रुग्णाची होती हे त्यांना बहुधा कळत नाही.

परदेशी खुळाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. जागतिक बँक गटातील, खासगी उद्योगांना कर्ज देणाऱ्या आयएफसी या संस्थेची आठ कामगिरी मानके 2006 मध्ये आली आणि 2012 मध्ये सुधारली गेली, हे खरे. तिच्या कर्जावर विस्तार करणाऱ्या रुग्णालयाला ती पाळावी लागतात, हेही खरे. पण मर्यादित, आवारापुरते आणि बऱ्याच अंशी निस्तरता येणारे परिणाम असलेले प्रकल्प ती संस्थाच ‘ब’ वर्गात टाकते, आणि रुग्णालयाचा विस्तार सहसा त्यातच बसतो. शिवाय वर उल्लेखलेले कचऱ्याचे, ध्वनीचे, मजुरांचे नियम आपल्याच देशाचे आहेत, आणि भारतातील बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणीय व सामाजिक अहवाल देणे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बंधनकारक केले आहे.

राहिला बिलाचा प्रश्न. खर्च येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो कधी केला जातो यावर त्याचा आकार ठरतो. सांडपाण्याची वेगळी नळवाहिनी नकाशावर एक रेघ असते. इमारत चालू झाल्यावर तीच बसवायची तर शस्त्रक्रियागृहांची फरशी उखडावी लागते आणि ती बंद असताना बुडालेले उत्पन्नही त्या खर्चात धरावे लागते. पॅनेल पहिल्या मजल्यावर नेण्याचा निर्णय आराखड्याच्या टप्प्यावर थोडी जागा खातो. पुरानंतर तो नवे पॅनेल, नवी केबल आणि इतरत्र हलवलेले रुग्ण एवढे खातो. तक्रारनिवारणाला तर खर्चही नगण्य आहे : प्रवेशद्वाराशी एक जबाबदार कर्मचारी, मराठी-गुजराती-हिंदीत लावलेला दूरध्वनी क्रमांक, तक्रार कधी आली आणि काय केले याची तारीखवार नोंदवही, आणि त्या नोंदवहीची प्रत महिन्यातून एकदा विश्वस्तांच्या टेबलावर. ज्या रुग्णालयाला ही नोंदवहीदेखील परवडत नाही, त्याला आणखी 150 खाटा कशा परवडणार आहेत, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी विचारायला हरकत नाही.