फोंडा येथील आमच्या केंद्राविषयीच्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

आपल्या भावाला आमच्या केंद्रात डोक्याला ‘शॉक’ दिले, प्रत्येक बैठकीआधी मुद्दाम छळले आणि दोन आठवडे पैसे भरूनही त्याचे सतत हात धुणे थांबले नाही, असे आपण लिहिले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय असल्यामुळे आपले बंधू आमच्याकडे येत होते की नाही, हेही येथे सांगता येणार नाही. म्हणून हे उत्तर उपचारपद्धतीपुरतेच आहे.

मंत्रचळावर, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजारावर, आमच्या केंद्रात दिला जाणारा डीप टीएमएस हा चुंबकीय स्पंदांचा उपचार म्हणजे शॉक नव्हे. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. येथे रुग्ण पूर्ण जागा असतो आणि शिरस्त्राणातल्या कॉइलच्या चुंबकीय स्पंदांनी मेंदूच्या पुढील भागात सौम्य वीजप्रवाह निर्माण होतो. यंत्राची टकटक मोठी असते, डोके दुखू शकते आणि क्वचित आकडीही येऊ शकते, म्हणून आकडीचा पूर्वेतिहास व डोक्यातील धातूचे रोपण यांची चौकशी आधीच केली जाते.

ज्याला आपण छळ म्हणता, तो या उपचाराचाच भाग आहे. ओसीडीचे चक्र मेंदूत जागे असतानाच स्पंद द्यायचे असल्यामुळे, ज्याला स्पर्शाची किळस आहे त्याला कदंब बसच्या दांड्याला लागलेला हात न धुता तसाच मांडीवर ठेवायला सांगितले जाते, तर ज्याला गॅसची धास्ती आहे त्याला घरचा रेग्युलेटर बंद केला होता का, असे विचारले जाते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे निर्दयपणाचे वाटते, यात नवल नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये ओसीडीसाठी या पद्धतीला मान्यता दिली, ती चालू उपचारांना जोड म्हणून. त्यामागच्या चाचणीत सहा आठवड्यांत 29 बैठका झाल्या. त्यानंतर लक्षणांत किमान 30 टक्के घट खऱ्या उपचाराच्या गटात सुमारे 38 टक्के रुग्णांत, तर नकली उपचाराच्या (तुलनेसाठी खरे स्पंद न देता यंत्र लावलेल्या) गटात 11 टक्के रुग्णांत दिसली. म्हणजे निम्म्याहून अधिक जणांना तेवढा गुण आला नाही, आणि ज्यांना आला त्यांचाही आजार समूळ गेला असे नव्हे. त्यामुळे दोन आठवड्यांवरून निकाल लावणे घाईचे ठरेल. सहा आठवड्यांनंतरही फरक नसेल, तर थांबायला आम्हीच सांगतो.

प्रत्यक्ष नोंदी पाहायच्या असल्यास रुग्णाच्या लेखी संमतीसह केंद्रात यावे. तोपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून चालू गोळ्या मात्र बंद करू नयेत.

व्यवस्थापक