होमस्टेडची फाईल मागवाच
अमेरिकेतल्या नेब्रास्कात शेती केलेल्या जर्मन पणजोबांचा माग काढणारा हा लेख एका दमात वाचला. शोध जहाजाच्या प्रवासी यादीशी आणि जनगणनेशी थांबलाय, याची मात्र रुखरुख लागली. जनगणनेत जन्मस्थान बहुतेकदा नुसतं ‘जर्मनी’ किंवा ‘प्रशिया’. गावाचं नाव सापडलं तर चर्चच्या नोंदवहीत.

पणजोबांनी १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली, जमीन घेतली असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्या जमिनीची फाईल जरूर मागवा. १६० एकरांपर्यंतची जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिथं राहून ती कसावी लागे आणि तशी साक्ष दोघांना, बहुधा शेजाऱ्यांनाच, द्यावी लागे. म्हणून घर केवढं बांधलं, विहीर खणली का, किती एकर नांगराखाली आली, हे सगळं त्या कागदांत येतं. परदेशातून आलेल्याच्या फाईलमध्ये नागरिकत्वाचे कागदही असतात. साक्षीदारांची नावं सोडू नका, त्यांतले काही मूळ गाववालेही निघू शकतात.

आणि चर्चची जुनी वही हाती लागली, तर कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी वाचणारं कुणीतरी गाठा. आपल्या मोडीसारखंच आहे ते, नुसती भाषा येऊन भागत नाही. पुढचा भाग लिहाच, वाट बघतोय.