हातात सोनं आलंय? मग त्याचं वाटोळं असं करा

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तो क्रोनो ट्रिगर खेळायचाय, कुठला घेऊ?" 1995 च्या एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमबद्दल एवढा साधा प्रश्न. मी सुरू झालो, म्हटलं फोनवरचा असेल तर असं, पीसीवरचा घेतलास तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स बदल, डीएस या निन्तेन्दोच्या हातातल्या मशीनवरचा मिळाला तर उत्तमच पण तो आता मिळणार कुठून, आणि प्लेस्टेशनवरचा घेऊ नकोस पण त्यातले व्हिडिओ बघ... पोरगं मध्येच "राहू दे मामा" म्हणालं आणि मोबाईल घेऊन आत गेलं. त्याचं काय चुकलं? एक गेम घ्यायला एवढं पुराण ऐकायचं कोणी?

तर मंडळी, उद्या तुमच्याही हाती असा एखादा जपानी आरपीजी, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा गेम, लागला, तर पुढे काय करायचं ते सांगून ठेवतो. यातलं काहीच माझ्या डोक्यातून आलेलं नाही, सगळं क्रोनो ट्रिगर बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने, म्हणजे आताच्या स्क्वेअर एनिक्सने, तीस वर्षं प्रॅक्टिकल करून दाखवलंय.

सुरुवातीला गेम नीट बनवा. हे एकदाच करायचं, परत नाही. फायनल फँटसी गेमवाले साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट गेमवाले होरी आणि ड्रॅगन बॉल कॉमिकवाले चित्रकार तोरियामा अशी तीन माणसं एकत्र आणा, संगीताला मित्सुदा नावाचा तरुण पोरगा घ्या आणि त्याला इतकं राबवा की पोटात अल्सर होऊन तो हॉस्पिटलात जाईल आणि उरलेलं काम फायनल फँटसीचे संगीतकार उएमात्सूंना करावं लागेल. मग 11 मार्च 1995 ला निन्तेन्दोच्या सुपर फॅमिकॉम या मशीनवर 11,400 येनला विका. अख्खा गेम, गाण्यांसकट, डझनभर शेवटांसकट, 32 मेगाबिटच्या म्हणजे 4 एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला होता त्या लोकांनी. आजकाल काकांचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो.

आता एक अख्खा खंड विसरून जा. ऑगस्ट 1995 मध्ये अमेरिकेला द्या आणि युरोपला देऊच नका. तिथे अधिकृतपणे पहिल्यांदा कधी आला माहितीये? फेब्रुवारी 2009, डीएसवर. चौदा वर्षं! (आपलं नाव तर यादीतच नव्हतं. आपल्याकडे तेव्हा कॅसेटवर काँट्रा चालू होतं, आणि हा गेम पुढे आपल्यातल्या बहुतेकांना कसा भेटला ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही, उगाच तोंड उघडायला लावू नका.)

मग जे पळतंय त्याला लंगडं करा. या गेमची मजाच ही की लढाई वेगळ्या स्क्रीनवर जात नाही, चालता चालता राक्षस समोर येतो आणि तिथल्या तिथे मारामारी सुरू. ते तुम्ही 1999 ला प्लेस्टेशनच्या सीडीवर आणा, म्हणजे सीडी वाचून होईपर्यंत लढाई आली की थांबा, मेनू उघडला की थांबा. लोक ओरडू नयेत म्हणून वर ॲनिमेचे चारदोन सुंदर व्हिडिओ टाका. अमेरिकेला तेच 2001 मध्ये फायनल फँटसी फोरबरोबर एका डब्यात घालून द्या.

कधीतरी चुकून सगळं बरोबर करा, जसं 2008 ला डीएसवर केलं, आणि मग ते मशीनच बाजारातून जाऊ द्या.

निन्तेन्दोने 2017 मध्ये 21 जुने गेम घातलेला छोटा एसएनईएस (सुपर फॅमिकॉमचंच बाहेरच्या देशातलं नाव) काढला, त्यात तुमचेच दुसरे गेम असतील, पण हा नको.

आता मुख्य धडा, पीसी. वीस-बावीस वर्षं लोक पीसीवर द्या म्हणून मागे लागलेत, तर 27 फेब्रुवारी 2018 ला कोणाला काही न सांगता स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकून द्या. काय टाकायचं? 2011-12 ला फोनसाठी केलेला तोच माल. म्हणजे समोर माणूस कीबोर्ड-कंट्रोलर घेऊन बसलाय आणि स्क्रीनवर अंगठ्याने दाबायची मोठमोठी बटणं. तोरियामांच्या डिझाइनवरून एकेक ठिपका जोडून काढलेली पात्रं, त्यांच्यावर फिल्टर मारून अशी गुळगुळीत करा की मेणाची वाटतील, आणि मागची जमीन मात्र चौकोन-चौकोन जोडल्याच्या फटी दाखवत राहू दे. फॉन्ट? संगणकात जो पहिला सापडेल तो. आणि जे लवकर विकत घेतील त्यांना बक्षीस म्हणून वॉलपेपर द्या, वॉलपेपर! गेमचं तोंड काळं केलंय आणि वर वॉलपेपर देतायत. लोकांनी शिव्या घातल्यावर मार्चमध्ये सांगा की आम्ही बघतोय, एप्रिलमध्ये पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, द्या ज्यात "मूळ ग्राफिक्स" हा ऑप्शन असेल, म्हणजे जे 1995 ला डब्यातच होतं ते 2018 ला दुरुस्ती म्हणून परत, मग ऑगस्टपर्यंत एकेक पॅच सोडत बसा. म्हणजे पैसे पहिल्या दिवशी घेतले आणि गेम सहा महिन्यांनी दिला, आणि याला सपोर्ट म्हणायचं! बरं, हे करणारी कंपनी काय कोपऱ्यातलं दोन पोरांचं दुकान आहे का? एकाही माणसाने, एकाही, सोडायच्या आधी दहा मिनिटं खेळून बघितलं नसेल?

आणि चाहत्यांनी प्रेमाने काही केलं की वकील सोडा. 2004 ला थ्रीडीमध्ये नवा करणाऱ्यांना नोटीस, 2009 ला क्रिमसन एकोज हा चाहत्यांनीच बनवलेला गेम जवळजवळ तयार असताना, अगदी तोंडावर, नोटीस. कायद्याने हक्क आहे तुमचा, कबूल. पण स्वतःही करायचं नाही? रॅडिकल ड्रीमर्स हा याचाच पुढचा भाग 1996 चा, इंग्रजीत अधिकृतपणे 2022 ला आला. सव्वीस वर्षं. चाहत्यांनी फुकटात भाषांतर करून कधीच वाटलं होतं.

आणि ते "अरे पण गेम तर तोच आहे ना, चालवून घ्या" म्हणणारे, तुमच्यावर तर माझा जास्त राग आहे. तुम्ही चालवून घेता म्हणूनच हे चालतं. 2018 ला लोक बोंबलले नसते तर तो मेणाचा पुतळाच आज "क्रोनो ट्रिगर" म्हणून विकला जात असता, आणि नवीन पोरांना वाटलं असतं की म्हाताऱ्यांनी उगाच डोक्यावर घेतलाय. पॅच आला तो शिव्यांमुळे आला, तुमच्या समजूतदारपणामुळे नाही. आणि कंपनीवाल्यांनो, तुमच्याकडे मूळ गेम आहे, पैसा आहे, आणि तीस वर्षं पाकीट उघडून उभे असलेले लोक आहेत. चार एमबीचा गेम आहे रे तो! फिल्टर नको, अंगठ्याची बटणं नकोत, वॉलपेपर तर अजिबात नकोत. जसा होता तसा द्या, सगळीकडे द्या, आणि सोडायच्या आधी ऑफिसातल्या कोणालातरी एकदा तरी खेळायला बसवा.