भाच्यासाठी केलेल्या स्काउट चाकूच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय मी बाबांना वाचून दाखवला. भाचा स्काउटची द्वितीय सोपान परीक्षा पास झाला म्हणून ३,८०० रुपये देऊन तुम्ही आमच्याकडून चाकू करून घेतलात. तो ९ दिवस उशिरा मिळाला, पहिल्याच शिबिरात गंजला, मूठ हातात नीट बसत नाही, टोक बोथट आहे आणि पातं फारच लहान आहे, असं तुम्ही लिहिलंय. उशीर आणि गंज या दोन्हींत चूक आमची आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

पहिलं पातं पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करताना, वाया गेलं. आमच्यात अजून 'पाणी देणं'च म्हणतात, पण गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं हे पोलाद आम्ही तेलात विझवतो, पाण्यात ते तडकण्याची भीती असते. पातं लाल होऊन चुंबकाला चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवायचं आणि सरळ तेलात. त्या दिवशी ते थंड झाल्यावर बाबांनी ऐरणीच्या कडेला हलकेच वाजवून पाहिलं, आवाज बसका आला. भिंगाखाली धारेजवळ केसाएवढी चीर दिसली. घासून चकाकी आणली असती तर तुम्हाला ती कधीच दिसली नसती, आणि एखाद्या दिवशी बांबू तासताना पातं पोराच्या हातातच तुटलं असतं. बाबांनी ते घणाखाली मोडून भंगारात टाकलं. दुसरं घडवायचं, पाणी द्यायचं, मग ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा तापवायचं, धार, मूठ, म्यान, यात ते दिवस गेले. पातं मोडलं ते बरोबरच केलं. पण तुम्हाला फोन करायला हवा होता, तो मी केला नाही. कौतुकाच्या दिवशी मामाला रिकाम्या हाताने जावं लागलं, याची मला मनापासून लाज वाटते.

गंजाचं असं. हे पोलाद स्टेनलेस नाही, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. पण चाकू वापरणार तुमचा भाचा, आणि खोक्यात त्याच्यासाठी एक कागदसुद्धा नव्हता. लिंबं चिरून चाकू रात्रभर म्यानात राहिला, असं तुम्ही लिहिलंय. लिंबाचा रस आणि ओलं कातडं एकत्र आलं की सकाळी डाग पडणारच. वापर झाला की धुवा, कोरडा पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि घरी ठेवताना म्यानाबाहेर ठेवा. या चार ओळी पोराच्या हातात पडायला हव्या होत्या. तरीही हेच पोलाद निवडलं, कारण साध्या दगडावर बारा वर्षांच्या मुलाला त्याची धार स्वतः लावता येते. पात्याचा धारेकडे जाणारा उतारही आम्ही सपाट ठेवलाय. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो.

बाकी तक्रारींशी मात्र मी सहमत नाही. मूठ तुमच्या हातात बसत नाही, हे खरंच आहे. ऑर्डर घेताना मी भाच्याचा पंजा कागदावर आखून मागवला होता, आठवतंय? तो कागद अजून भिंतीला लावलेला आहे. तळव्याची रुंदी साडेसात सेंटिमीटर. मोठी मूठ लहान हातात फिरते, आणि मूठ फिरली की धार कुठे जाईल सांगता येत नाही.

पातं तुम्हाला ६ इंच हवं होतं, आपण साडेतीनवर ठरवलं. शस्त्र नियमांतली मर्यादा ९ इंचांची आहे, हे तुमचं बरोबर आहे. पण शिबिरात त्याला करायचं काय असतं? सुतळी कापायची, तंबूची खुंटी टोकदार करायची, चुलीसाठी काटक्या सोलायच्या, कांदे-बटाटे चिरायचे. या कामांना लांब पातं आडवं येतं. टोकाचंही तसंच. अणकुचीदार टोक भोसकण्यासाठी लागतं, आणि मुलं त्याने डबे उचकटायला गेली की तेच आधी तुटतं. आम्ही ते मुद्दाम गोलसर उतरवलं. मिटणारा चाकू न करण्याचं कारणही बोटंच, कळ निसटली की पातं बोटांवर मिटतं.

आमच्या घरात तीन पिढ्या ऊसतोडीचे कोयते आणि विळे घडवले गेले. प्रत्येक कोयता घेणाऱ्याच्या हाताप्रमाणे असायचा. आजोबा गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन बघायचे, मगच दांडा निवडायचे. तुमच्या भाच्याचा हात मला कागदावरच भेटला, पण त्याच्यासाठी मूठ घासताना मी तो कागद दहा वेळा समोर धरला असेल.

चाकू पाठवून द्या, जाण्यायेण्याचं कुरिअर आमच्याकडे. डाग घासून, धार लावून, तेल देऊन आठ दिवसांत परत पाठवते, या वेळी भाच्याच्या नावाने लिहिलेल्या कागदासह. उशिराबद्दल ५०० रुपये परत करते. शिबिराला नेण्याआधी चाकू स्काउट मास्तरांना दाखवायला त्याला सांगा. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत आहे आणि शिसवीच्या फळ्या पितळी खिळ्यांनी बसवल्या आहेत, म्हणजे त्या काढून जाड बसवता येतात. दोन वर्षांनी त्याचा पंजा पुन्हा आखून पाठवा, नव्या फळ्यांचे पैसे घेणार नाही.