‘लांबून चालवलेला सर्व्हर म्हणजे उघडं दार’: त्या संदेशातला एकेक मुद्दा

महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आला. त्यातल्या एका मॅडमनी खाली विचारलं होतं, "सर, मग आपला कोहा बंद करायचा का?" कोहा म्हणजे ग्रंथालयाचा कारभार चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो.

संदेशाचा गाभा असा: ग्रंथालयाचा सर्व्हर परगावी बसलेल्या माणसाच्या हाती देऊ नका. ओपन सोर्सचा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे हॅकरलाही दिसतो, आणि एक्सझेड प्रकरणाने ते सिद्ध झालंय. एसएसएचचा, म्हणजे लांबून सर्व्हरवर काम करायच्या सोयीचा, २२ नंबरचा पोर्ट (आत यायची क्रमांकित वाट) उघडा असणं म्हणजे घराचं दार उघडं असणं, तो निदान बदलून तरी घ्या. सर्व्हर बंद पडला तर लांबचा माणूस काहीच करू शकत नाही. फुकटचं सॉफ्टवेअर बेवारस असतं. त्यापेक्षा सगळा डेटा आपल्या टेबलावरच्या पीसीवर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवा.

गावोगावच्या ग्रंथालयांचे कोहा सर्व्हर बसवणं आणि ते घरून सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. संदेशातली एक शंका रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी एक्सझेड, कारण संदेशाचा सगळा धाक त्याच नावावर उभा आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. त्याची देखभाल वर्षानुवर्षं एकच माणूस स्वतःच्या वेळात करत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी त्याला मदत करू लागलं, हळूहळू विश्वास कमावला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ओपनएसएसएच, म्हणजे आज सर्रास वापरलं जाणारं एसएसएच, स्वतः एक्सझेड वापरत नाही. पण काही लिनक्स वितरणांनी (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचांनी) ओपनएसएसएच सिस्टमडीशी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेशी, जोडताना केलेल्या बदलामुळे एक्सझेडचा एक घटक एसएसएचच्या सेवेत येऊन बसत होता. नेमका तोच धागा पकडला गेला.

२९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकाने हे जाहीर केलं. त्याला एवढंच खटकलं होतं की एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे मागे जात कोडपर्यंत पोचला, कारण तिथवर जायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही. आणखी एक गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने गाळली आहे. चोरवाट सुरू करणारा तुकडा सगळे पाहतात त्या कोडभांडारात नव्हताच. तो फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता, आणि बाकीचा भाग चाचणीच्या फाइली म्हणून दडवलेला होता. उघड्या कोडमध्ये ते सरळ लिहायची हिंमत हल्लेखोराची झाली नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही एक्सझेड पोचलीच नव्हती. आपले ग्रंथालयांचे सर्व्हर त्याच स्थिर आवृत्तीवर चालतात. नवीन ते सगळं आधी घ्यायचं नाही, हा आमच्या कामातला जुना नियम आहे.

उघडा कोड म्हणजे कोणीतरी तो वाचतंयच, असं मात्र मी म्हणणार नाही. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची जोडणी सांकेतिक करणाऱ्या साधनातली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीत आली आणि एप्रिल २०१४ मध्ये उजेडात आली. दोन वर्षं ती सगळ्यांसमोर होती. पण झाकलेल्या कोडने तरी कोणाला वाचवलं? सोलरविंड्स या कंपनीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या बंद सॉफ्टवेअरमधून मार्च २०२० पासून विषारी अपडेट ग्राहकांकडे जात होते, कंपनीच्या अधिकृत सहीनिशी. ते डिसेंबरात उघडकीला आलं. ग्राहकाकडे कोड नव्हता, त्यामुळे त्याला संशय आला असता तरी पाहायला जागा नव्हती.

आता २२ नंबरचा पोर्ट. एसएसएच जन्मलं तेच मुळी लांबून काम करणं सुरक्षित व्हावं म्हणून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेत होतं. तेव्हा लांबून लॉगिन करायच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. त्यावर उपाय म्हणून तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि त्याला २२ हा क्रमांक मिळाला, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ च्या मधला. आज आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी आणलं.

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की काही मिनिटांतच त्याच्या लॉगमध्ये अनोळखी ठिकाणांहून पासवर्डचे प्रयत्न दिसू लागतात. ते पाहून पहिल्यांदा कोणालाही धडकी भरते. मलाही भरली होती. पण ती सगळी यंत्रं पासवर्ड ओळखायच्या मागे असतात, आणि पासवर्डने आत येणंच बंद केलेलं असेल तर त्यांच्या हाती काही लागत नाही. एसएसएच कीची, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीची, जोडी करायची. तिची सार्वजनिक बाजू सर्व्हरवर ठेवायची, खाजगी बाजू आपल्या लॅपटॉपवर, तीही पासफ्रेजने (लांब पासवर्डने) कुलूपबंद. मग सर्व्हरवर पासवर्डचं लॉगिन बंद करायचं आणि रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) थेट प्रवेश नाकारायचा. अशी की अंदाजाने शोधून सापडत नाही. पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच. एकूण पोर्ट ६५,५३५ आहेत, आणि ते सगळे तपासायला हल्लेखोराच्या प्रोग्रामला फार वेळ लागत नाही. ज्याचा पासवर्ड ‘library123’च्या जातीचा आहे, त्याने पोर्ट कुठेही नेला तरी फरक पडत नाही.

खरा धोका संदेशात आलाच नाही. पहिल्यांदा जोडणी करताना एसएसएच सर्व्हरचा ठसा दाखवून विचारतं, हाच तो सर्व्हर ना? जवळजवळ सगळे न वाचता ‘येस’ लिहितात, मग मधे कोणी तोतया सर्व्हर बसला असेल तर तो कळत नाही. तो ठसा सर्व्हरच्या पडद्यावरून कोणाकडून तरी फोनवर वाचून घ्यावा आणि जुळवून मगच पुढे जावं. दोन मिनिटांचं काम आहे.

एसएसएचमध्ये चुका निघतातच. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ‘रिग्रेशन’ नावाची गंभीर चूक जाहीर केली. २००६ मध्ये दुरुस्त झालेली चूक २०२० मधल्या एका बदलाने पुन्हा शिरली होती. डेबियनची दुरुस्ती त्याच दिवशी आली. ज्या सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतात, तिथे माझ्याकडून फक्त खात्री करून घेणं उरलं होतं. हा संदेश पाठवणाऱ्यांनी आपल्या सर्व्हरवर ती सोय चालू आहे का, एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ झालं.

बंद पडला तर काय, हा प्रश्न मात्र मनापासून घेण्यासारखा आहे. मी स्वतः त्यात अडकलोय. विदर्भातल्या एका ग्रंथालयाच्या सर्व्हरवर फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) चालू करताना आधी एसएसएचला वाट द्यायचं राहून गेलं. एंटर दाबलं आणि पडदा गोठला. सर्व्हर तिथे, मी पुण्यात. ग्रंथपाल मॅडमना फोन केला, त्यांनी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. "सर, काळ्या पडद्यावर लॉगिन असं आलंय." "हो मॅडम, तेच. आता मी एकेक अक्षर सांगतो." वीस मिनिटं लागली. त्या दिवसापासून मी शिस्त बदलली. एसएसएचची मांडणी बदलली की आधी तिची तपासणी करायची, जुनं सत्र उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का पाहायचं, आणि मगच पहिलं बंद करायचं. फायरवॉलला हात लावण्याआधी पाच मिनिटांनी तो आपोआप उतरेल असं काम लावून ठेवायचं, सगळं नीट असेल तर ते रद्द करायचं. उबुंटूमध्ये नेटवर्कची नवी मांडणी ‘नेटप्लॅन ट्राय’ने लावली आणि आपण १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत येते. या साधनांच्या कर्त्यांना लांब बसलेल्या माणसाची अडचण ठाऊक आहे, म्हणून तर ही सोय आहे.

भाड्याच्या सर्व्हरला पॅनेलमधून कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड, लांबूनच मिळतो. चांगल्या प्रतीच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये त्याच कामासाठी वेगळी नियंत्रक चिप असते, मशीन बंद असलं तरी ती चालू असते. (ती कधीही थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये.) गावातल्या कॉलेजांना बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा थेट पत्ता) नसतो, त्यामुळे बाहेरून आत जाता येत नाही. तिथे मी वायरगार्ड हे दोन मशीनमध्ये बंदिस्त बोगदा जोडणारं साधन वापरतो. ग्रंथालयाचा सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एका छोट्या सर्व्हरशी बोगदा जोडतो आणि दर २५ सेकंदांनी हाक देत तो जिवंत ठेवतो. वीज जाऊन आली की तो पुन्हा आपोआप जोडला जातो. ओळख न पटलेल्या पाहुण्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तिथे काही आहे हेही बाहेरच्याला कळत नाही.

माणूस जवळ असला की सगळं सुरळीत, हेही खरं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं आडवी झाली. मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंते त्याच इमारतीत होते, तरी एकेका मशीनपाशी जाऊन फाइल काढताना त्यांचे दिवसच्या दिवस गेले.

‘फुकट म्हणजे बेवारस’ याला फार शब्द नकोत. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, दुरुस्त्या साधारण दर महिन्याला. डेबियनच्या एका आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. पण कोहाची जन्मकथा इथे सांगायलाच हवी. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय ट्रस्टची जुनी प्रणाली सन २००० मध्ये चालणार नव्हती. शाखा लांब लांब, हाताशी साध्या टेलिफोन लाइन. वेबवर चालणारी नवी प्रणाली त्यांनी लिहून घेतली, ३ जानेवारी २००० ला ती सुरू केली आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. शहरापासून दूरच्या वाचनालयासाठीच ही वस्तू घडली आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजला ती नाकारायला सांगितलं जातं, तेव्हा मला राग येतो.

आता टेबलावरचा पीसी. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला, तो असल्याच पीसींमधून, नेटवर्कवरून एकाकडून दुसऱ्याकडे. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. ती लावलेली नव्हती, एवढंच. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी देवघेवीच्या काउंटरवर मला ते आजही दिसतं, आणि त्याच पीसीत विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह लागतात. एका कॉलेजात अशाच पीसीवरच्या साऱ्या नोंदी खंडणीच्या व्हायरसने कुलूपबंद केल्या. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात. तोही गेला. मराठीतल्या हजारो पुस्तकांच्या नोंदी पुन्हा दाखलनोंदवहीवरून भराव्या लागल्या. त्या मॅडमनी सुट्टीतला जवळजवळ प्रत्येक दिवस त्यात घातला. डेटा रोज त्यांच्या डोळ्यांसमोरच होता.

इथे कोहाचीही एक खोच सांगतो. कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतो, पण तो ठेवतो त्याच मशीनवर, आणि मोजक्या दिवसांचाच. बसवणाऱ्याने तो दुसरीकडे नेण्याची व्यवस्था केली नसेल, तर बॅकअप असून नसल्यासारखा आहे. दुसऱ्या मशीनने येऊन तो ओढून न्यावा. सर्व्हरला तिकडे लिहायचा किंवा पुसायचा अधिकार नसावा. मग सर्व्हर फुटला तरी हल्लेखोराचा हात जुन्या प्रतींपर्यंत पोचत नाही.

आणि आता ती रास्त शंका: परगावच्या माणसाच्या हाती सगळं द्यायचं का? नाही. अजिबात द्यायचं नाही. सर्व्हर लांबून चालवणं वेगळं आणि त्याची मालकी लांब जाणं वेगळं. डोमेनची नोंदणी कॉलेजच्या ईमेलवर हवी, बसवणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नको. भाड्याचा सर्व्हर असेल तर त्याचं खातं आणि बिल कॉलेजच्या नावे हवं. माझ्या कीशिवाय कॉलेजची स्वतःची एक की आणि आणीबाणीचं एक खातं हवं, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात. माझी की एका ओळीत काढून टाकता येते. ती ओळ कोणती, हे मी प्रत्येक ग्रंथपालांना कागदावर लिहून देतो. जो बसवणारा हे द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्यापासून सावध राहा, मग तो शेजारच्या गल्लीत राहत असला तरी.

ज्या मॅडमनी कोहा बंद करायचा का म्हणून विचारलं, त्यांच्या ग्रंथालयात मध्यंतरी देवनागरीतला शोध नीट चालत नव्हता. ‘ज्ञानेश्वरी’ लिहिलं की भलतंच यायचं. झेब्रा या शोधयंत्रणेत आयसीयूची (वेगवेगळ्या लिप्यांची अक्षरं नीट ओळखणाऱ्या साधनाची) मांडणी लावून सगळी अनुक्रमणी नव्याने करावी लागली. रात्री ग्रंथालय बंद असताना मी घरून ते केलं. सकाळी त्यांनी शोधून पाहिलं आणि सगळ्या प्रती ओळीने आल्याचा फोटो पाठवला. त्याच त्या मॅडमना मी काल उत्तर पाठवलं: कोहा बंद करू नका. पण येत्या शनिवारी कालचा बॅकअप एका रिकाम्या मशीनवर आपण दोघं मिळून उतरवून पाहू, तुम्ही तिथे बसा, मी फोनवर असतो. ‘ज्ञानेश्वरी’ तिथेही सापडली पाहिजे.